आत्ता येतो

४ फेब्रुवारी

प्रिय पक्कड,

तुझ्या बापानं तुझं चांगलं नाव ठेवलंय ते मला माहीत आहे. पण चौथ्या वर्षी तू माझ्या शिलाई मशीनचे सगळे स्क्रू काढून उशीखाली घेऊन झोपलास, तेव्हापासून माझ्यासाठी तू पक्कडच. आता मोठा व्यापार सल्लागार झाला आहेस म्हणे. म्हणून सल्ला मागायला हे पत्र. फोन करणार नाही. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणतोस आणि मागे काहीतरी खुडखुड करत असतोस, ते मला इथपर्यंत ऐकू येतं. पत्र वाचताना तुझा एक हात तरी अडकून राहील.

घड्याळाच्या चौकामागची आपली गल्ली तुला आठवत असेल. पंधरा दुकानं, समोरासमोर. त्यातली आठ आज बंद आहेत. गावाबाहेर ते काचेचं अवाढव्य दुकान झालं, समोर गाड्या लावायला मैदान, आत सरकते जिने. तेव्हापासून लोकांना मोजे घ्यायचे असले तरी जिना लागतो. इथे चौकात आता कबुतरं आणि निवृत्त मंडळी एवढीच उरली आहेत, आणि दोघांनाही काही विकत घ्यायचं नसतं.

गल्लीची एक रीत आहे. जो दुकान बंद करतो तो चावी माझ्याकडे ठेवून जातो, कारण मी या बटणांच्या दुकानातून कधी हलत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी जागा बघायला आलं तर मी दाखवायची. आठही चाव्या मी बटणांच्या पुठ्ठ्यांवर दोऱ्यानं शिवून ठेवल्या आहेत. पुठ्ठ्यावर दुकानाचा नंबर आणि मालक कसा गेला ते. बारा नंबरवर लिहिलंय 'पळत गेला'. पाचवर 'बायकोचं ऐकून गेला'. नऊवर 'रडत गेला'.

आता मुद्दा. नगरपालिकेची नोटीस आली आहे. ज्या गल्लीत निम्म्याहून जास्त दुकानं चालू नाहीत ती यापुढे बाजार नाही. ती पाडून तिथे गाड्या लावायची तीन मजली इमारत होणार. पाच मार्चला माणूस मोजायला येणार. पंधरापैकी आठ दुकानं उघडी लागतात आणि आम्ही सात आहोत: चष्मेवाला, न्हावी, फुलवाली, शिंपी, बाइंडर, दोरखंडवाला आणि मी.

मला इथून उठवलं तर मी काय करेन, हे लिहीत नाही, कारण ते मला माहीत नाही. चाळीस वर्षं बटणं विकली. भीती वाटते रे, एवढंच. आठवं दुकान कशाचं काढावं ते सांग. दुकान चालवणं म्हणजे काय हे तुला आता आतून ठाऊक असेलच.

तुझी आत्या


९ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार. वाकून केला आहे असं समज.

तुझं पत्र कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे फार हसले. (सगळे म्हणजे आमचा विभाग.) तुझी अडचण आमच्या क्षेत्रात अगदी नेहमीची आहे. जुन्या बाजारांची चूक एकच असते, ते वस्तू विकतात. आजच्या गिऱ्हाइकाला वस्तू नको असते, त्याला अनुभव हवा असतो. तेव्हा खालीलपैकी एक निवड.

शांततेचं दुकान. आत खुर्च्या मांडायच्या, बोलायला मनाई करायची, तासावर पैसे घ्यायचे. शहरात याला प्रचंड मागणी आहे. किंवा सुगंधी मेणबत्त्या. किंवा रागखोली. यात लोक येतात, जुन्या कपबश्या भिंतीवर फोडतात आणि हलके होऊन घरी जातात. गुंतवणूक शून्य, कारण गल्लीत प्रत्येकाच्या घरी तुटक्या कानाचे कप असतातच.

माझं उत्तम चाललं आहे. काम जबाबदारीचं आहे. बसायला चांगली जागा, भरपूर उजेड, वर्दळ फारशी नसते त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. बाबांना सांग मी मजेत आहे. त्यांना मी लिहितोच, पण तुझ्याकडून ऐकलं की त्यांना खरं वाटतं.

तुझा,
व्यापार सल्लागार


२० फेब्रुवारी

प्रिय सल्लागार,

तुझे तिन्ही सल्ले पाळले. शिव्या खाली आहेत.

शांततेचं दुकान पाच नंबरात काढलं. पहिल्या दिवशी चौकातले तीन म्हातारे आले आणि दहा मिनिटांत घोरायला लागले. शेजारी न्हाव्याच्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक दचकलं आणि त्याची एका बाजूची मिशी गेली. आता तो दुसऱ्या बाजूचीही काढू देत नाही, म्हणतो पुरावा आहे. मेणबत्त्या दोन दिवस टिकल्या. त्या वासानं फुलवालीला अशा शिंका सुरू झाल्या की तिच्या फुलांच्या पाकळ्या समोरच्या दोरखंडांवर जाऊन पडल्या. तिनं मला विचारलं, बाई, तुमचा भाचा शिकलेला आहे ना? मी विषय बदलला.

रागखोली मात्र चालली. फार चालली. चष्मेवाल्याची बायको पहिली आली, घरून स्वतःची टोपली भरून कपबश्या घेऊन. प्रत्येक बशी भिंतीवर आपटताना ती नवऱ्याचा एकेक गुण मोठ्यानं सांगत होती. चष्मेवाला समोरच्या दुकानात बसून सगळं ऐकत होता. बत्तिसाव्या बशीला त्यानं दुकानाचा पडदा ओढून घेतला. पलीकडे बाइंडरची खळीची भांडी फळीवरून खाली आली. तर रागखोली बंद, आणि चष्मेवाला सध्या भावाकडे जेवतो.

आता तुला एक विचारते. तुझं पत्र टेबलफॅनच्या हमीपत्राच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. व्यापार सल्लागारांच्या कचेरीत कोरे कागद नसतात का? आणि 'सगळे म्हणजे आमचा विभाग' यात किती माणसं? मी बटणं मोजणारी बाई आहे, माझ्यापुढे आकडे लपवू नकोस.

मोजणीला तेरा दिवस आहेत. मी ठरवलंय की आठवं दुकान खोटं काढायचं. एका दिवसापुरतं. नऊ नंबरची जागा बरी आहे, काच शाबूत आहे. आत काय मांडू आणि ते खरं कसं दिसेल, एवढं सांग. लाज वाटते म्हणून फक्त तुलाच विचारते आहे.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

तू लाज वाटते असं लिहिलंस म्हणून मीही लिहितो. हे बाबांना कळवू नकोस.

माझा विभाग म्हणजे मी. मी व्यापार सल्लागार नाही. माझ्या नेमणूकपत्रावर 'वर्दळ सहायक' असं लिहिलेलं आहे. इथल्या मोठ्या बाजार-इमारतीतली निम्मी दुकानं रिकामी पडली आहेत. रिकामी काच दिसली की लोक त्या मजल्यावर फिरकत नाहीत, म्हणून मालकांनी एक शक्कल काढली. रिकाम्या गाळ्यांत खोटी दुकानं मांडायची आणि त्यात पगारी माणसं बसवायची. माझं दुकान घरगुती उपकरणांचं आहे. मिक्सर, इस्त्र्या, पंखे, टोस्टर. सगळा माल भंगारवाल्याकडून आणून पॉलिश केलेला. एकही चालत नाही. कोणी आत आलंच तर 'लवकरच विक्री सुरू करत आहोत' असं हसून सांगायचं. दीड वर्ष मी हे हसून सांगतो आहे. पहिल्या महिन्यात बाबांना फोनवर 'व्यापाराचं सल्ल्याचं काम' असं तोंडातून गेलं. त्यांनी ते चार जणांना सांगितलं. मग ते परत कसं घेणार?

तेव्हा खोटं दुकान खरं कसं दाखवायचं, हा आयुष्यातला पहिला प्रश्न आहे ज्याचं उत्तर मला खरोखर येतं. नीट वाच.

दुरुस्तीचं दुकान काढ. विकायला माल लागतो, दुरुस्तीला मोडकी वस्तू लागते, आणि ती प्रत्येकाच्या माळ्यावर असते. दिवे सगळे लाव, कोपऱ्यातलेही. गल्ल्यावर अर्धा प्यालेला चहा ठेव, पूर्ण भरलेला नको, तो नाटकी वाटतो. एक स्टूल थोडं वाकडं सरकवलेलं असू दे, आत्ताच कोणीतरी उठून गेल्यासारखं. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईक. आमच्याकडे वरचे साहेब येतात तेव्हा आम्ही एकमेकांच्या दुकानात जाऊन उभे राहतो. गर्दी दिसली की माणूस दुसरं काही बघत नाही. तेव्हा मोजणीवाला गल्लीत शिरला की जितकी माणसं मिळतील तितकी त्या दुकानात घाल. एकही बाहेर ठेवू नकोस.

माझं बाकी बरं आहे. रिकामा वेळ फार असल्यामुळे मी इथली उपकरणं एकेक करून उघडली आणि चालू केली. बहुतेकांचं दुखणं क्षुल्लक होतं. मिक्सरचे कार्बन झिजलेले, पंख्यात केस अडकलेले. आता दुकानात एकच इस्त्री बंद उरली आहे. ती मी मुद्दाम ठेवली आहे, उद्यासाठी काहीतरी हवं म्हणून.

पक्कड


७ मार्च

प्रिय पक्कड,

गल्ली गेली. बसून वाच.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. नऊ नंबर झाडून घेतला. 'पक्कड दुरुस्ती केंद्र' अशी पाटी मी स्वतः रंगवली, तीन दिवस तेच करत होते. दिवे लावले, स्टूल वाकडं केलं. चहा अर्धा हवा म्हणून न्हाव्यानं अर्धा प्यायला. गल्ल्यामागे मी बसले आणि गिऱ्हाईक म्हणून बाकीचे सहाही जण घरातली मोडकी वस्तू घेऊन हजर. शिंपी पंखा घेऊन, फुलवाली भिंतीवरचं घड्याळ घेऊन, चष्मेवाला बायकोनं फेकलेला टोस्टर घेऊन. एकही माणूस बाहेर ठेवू नकोस असं तू बजावलं होतंस, मी एकही ठेवला नाही.

तर प्रत्येकानं यायच्या आधी आपापलं दुकान ओढून घेतलं. बाइंडरनं सगळ्यांसाठी 'आत्ता येतो' अशा पाट्या करून दिल्या होत्या, कापडी बांधणीच्या, सोनेरी अक्षरांत. माझ्यासाठी 'येते' वेगळी केली. सात दारांवर सात सुंदर पाट्या लावून आम्ही सात जण आठव्या दुकानात उभे राहिलो.

मोजणीवाला आला. सुरकुतलेला शर्ट, खांद्याला जड पिशवी. गल्लीच्या तोंडापासून मोजत आला आणि आमच्यापर्यंत पोचला तेव्हा वहीत एकही खूण नव्हती. आत येऊन म्हणाला, बरं झालं बाई, निदान तुमचं तरी उघडं आहे. मी म्हटलं, बाकीची पण उघडी आहेत, ही सगळी माणसं त्यांचीच. तो म्हणाला, नियमात 'आत्ता येतो' म्हणजे बंद. पंधरापैकी एक. लिहून टाकलं. ज्या सात दुकानांवर आम्ही आयुष्य काढलं ती बंद, आणि जे सकाळीच जन्माला आलं होतं ते उघडं. हसावं की रडावं कळेना म्हणून फुलवालीनं दोन्ही केलं.

पण ऐक. तो जायला वळला आणि पुन्हा मागे आला. पिशवीतून इस्त्री काढली. तीन आठवडे ती खांद्यावर घेऊन फिरतो आहे, सगळे म्हणतात नवी घ्या. त्याला नवी नको, हिचं वजन त्याच्या हाताला बसलंय. दुरुस्त करता का, म्हणून विचारलं. सहा गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणणार? ठेवा म्हटलं. त्यानं पावती मागितली, मोजणीवाल्यांना पावती लागतेच. वीस तारखेला न्या असं लिहून दिलं. मग चष्मेवाल्यानं हरकतीचा अर्ज पुढे केला. फेरमोजणी होऊ शकते असं मोजणीवाला म्हणाला, पण कचेरी त्याला दोन फेऱ्या मंजूर करत नाही. इस्त्री न्यायला येईन तेव्हाच मोजेन.

म्हणजे वीस तारखेला सात दुकानांत सात जण बसलेले हवेत, आणि आठव्यात इस्त्री दुरुस्त झालेली हवी. काल मी शिंप्याची कात्री घेऊन ती उघडली. परत बंद केली तेव्हा एक स्क्रू उरला. शिवाय पाटी वाचून लोक यायला लागले आहेत. दुकान खोटं आहे, पण वस्तू खऱ्या मोडलेल्या आहेत. आज सकाळपर्यंत एकोणीस. कोणाला नाही म्हणवत नाही, प्रत्येक जण अशी वस्तू आणतो आणि अशा चेहऱ्यानं आणतो.

तू येऊ नकोस. नोकरी कशीही असली तरी नोकरी आहे. फक्त तो स्क्रू कुठला ते कळव.

आत्या


११ मार्च

आत्या,

स्क्रू बहुधा मुठीखालचा आहे. पण इस्त्रीचं दुखणं तिथे नाही. वायर जिथे इस्त्रीत शिरते तिथे ती रोज वाकते आणि आतून तुटते, वरून दिसत नाही. तिथे बोटानं दाबून बघ, मऊ लागेल. एवढंच बघ, पुढे हात लावू नकोस, विजेचं काम आहे आणि तू कात्रीनं करतेस.

चूक माझी. आमच्याकडे वरचे साहेब फक्त एकच दुकान बघतात, त्यामुळे बाकीची रिकामी राहिली तरी चालतं. तुमच्याकडे सगळी मोजतात हे मी वाचलं होतं आणि तरी तुला तेच सांगितलं. दीड वर्ष खोट्या दुकानात बसलं की माणसाला खरी दुकानं दिसेनाशी होतात. तुमची सात दुकानं माझ्या नजरेतून सुटली, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि नोकरी नाही. मोजणीच्या चार दिवस आधी मला काढलं. एक गृहस्थ दुकानात आले, टक्कल, हिरवा मफलर, बगलेत बुद्धिबळाचा पट. मिक्सर द्या म्हणाले. मी हसून लवकरच विक्री सुरू करत आहोत असं सांगितलं. ते हलेनात. चालतो का विचारलं. आत्या, दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी मला हे विचारलं होतं. मी लावून दाखवला. तो असा सुरेख आवाज करत फिरला की मलाच राहवलं नाही. दिला. त्यांनी पैसे गल्ल्यावर ठेवले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेले. अर्ध्या तासात वरचे साहेब आले. खोट्या दुकानात खरी विक्री केली, हा माझा गुन्हा. मालकांना म्हणे त्यामुळे परवाने लागतील. त्यांचं बरोबर आहे. पण त्या थोपटण्याबद्दल मला अजून कळत नाही. मिक्सर घेतल्यावर असं कोण करतं?

तू येऊ नकोस म्हणालीस, आणि येणं मला जमणारही नाही. मी तुझ्या गल्लीत स्टुलावर बसून इस्त्र्या उघडायला लागलो की आठ दिवसांत बाबांना कळेल. त्यांनी चार जणांना सांगितलंय, मुलगा सल्लागार आहे. त्या चार जणांसमोर त्यांची मान खाली जाईल, ते मला बघवणार नाही. मी इथेच दुसरं काहीतरी शोधतो.

पक्कड


१४ मार्च

पक्कड,

हे तुला कळवणार नाही असं मी तुझ्या बापाला वचन दिलं होतं. ते मोडते आहे. माझ्याकडे सध्या एकोणीस मोडक्या वस्तू आहेत, त्यात एकाची भर.

तुझा बाप जानेवारीच्या अखेरीस तुझ्या त्या बाजार-इमारतीत आला होता. तुला न कळवता, गंमत म्हणून. मजले चढून चढून तुझी कचेरी शोधताना तू त्याला एका दुकानात दिसलास. त्याला ते खोटं आहे हे कळलंच नाही. त्याला वाटलं, पोरानं नोकरी सोडून स्वतःचं दुकान काढलंय. मला त्यानं जे पत्र लिहिलं ते समोर आहे, तसंच उतरवते:

'ताई, दुकान फार छान आहे. उजेड भरपूर. पोरगा मान खाली घालून काहीतरी दुरुस्त करत होता, लहानपणी करायचा तसंच. पण आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. मी अर्धा तास काचेबाहेर उभा होतो, एकही आलं नाही. मी आत गेलो असतो तर त्याला वाटलं असतं, बाबांनी रिकामं दुकान पाहिलं. म्हणून परत आलो. त्यानं आपल्याला सांगितलं नाही, म्हणजे आधी चालू दे आणि मग सांगू असा त्याचा विचार असणार. तू विषय काढू नकोस.'

म्हणून मी तुला सल्ला मागायला पत्र लिहिलं. गल्लीची अडचण खरी होतीच, पण तुला तोंड उघडायला निमित्तही हवं होतं. तू शांततेचं दुकान काढायला सांगितलंस.

आता हिरव्या मफलरचं ऐक. ते तुझ्या बापाचे बुद्धिबळवाले. तुझ्याकडे गिऱ्हाईक नाही म्हणून तुझ्या बापाला झोप लागेना, तेव्हा त्यानं त्यांना गाडीत बसवून पाठवलं. जाऊन काहीही घ्या, पण माझं नाव सांगू नका. परत येऊन ते म्हणाले, पोरानं चालवून दाखवला आणि मगच दिला. तुझ्या बापानं त्या दिवशी त्या चार जणांना चहा पाजला. सल्लागाराचं त्यानं जानेवारीनंतर नावसुद्धा काढलेलं नाही. तो आता 'मुलाचं उपकरणांचं दुकान आहे' असं सांगतो.

त्यात माझाही वाटा आहे. तुझं कबुलीचं पत्र आलं तेव्हाच मी त्याला कळवायला हवं होतं की ते दुकान खोटं आहे. मी पाटी रंगवत बसले. तिसरा थर वाळेपर्यंत मिक्सर विकला गेला होता. तेव्हा तुझी नोकरी तुझ्या बापानं घालवली, मायेनं, आणि मी घालवू दिली, रंगाच्या नादात. दोघांवर राग काढायचा तर ये, रागखोलीची चावी अजून माझ्याकडे आहे.

सोबत दुसरी एक चावी पाठवते. नऊ नंबर. पुठ्ठ्यावर 'रडत गेला' असं होतं ते मी खोडलं आहे. पुढची ओळ कोरी ठेवली आहे. काय लिहायचं ते वीस तारखेनंतर ठरवू.

वायर तू म्हणालास तिथेच मऊ लागते.

आत्या


२ एप्रिल

बाबा,

नमस्कार. हे पत्र मी नऊ नंबरच्या दुकानातून लिहितो आहे. घड्याळाच्या चौकामागची गल्ली, तुमच्या बहिणीच्या समोर. ती आत्ता काचेतून माझ्याकडे बघते आहे, आणि मी काम सोडून काय लिहितोय असं खुणेनं विचारते आहे.

आधी मोजणीचं सांगतो. वीस तारखेला सातही जण आपापल्या दुकानात असे गच्च बसले होते की फुलवालीनं सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलं नाही, उठावं लागेल म्हणून. मोजणीवाला आला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे आला. इस्त्री चालते का विचारलं. मी चालवून दाखवतो म्हटलं. त्यानं दोन मिनिटं विचार केला, अंगातला शर्ट काढला आणि गल्ल्यावर ठेवला. तीन आठवडे नाही, बाबा, तो शर्ट जन्मापासून सुरकुतलेला असावा. मी इस्त्री करून दिला. तो गरम होता म्हणून त्यानं खांद्यावर टाकला आणि बनियनवरच गल्ली मोजून आला. मागच्या वेळी सगळे कुठे होतात, असं त्यानं न्हाव्याला विचारलं. न्हावी म्हणाला, गिऱ्हाईक होतो.

पंधरापैकी आठ. वहीत लिहिलं, सही केली, मग शर्ट घातला. आत्यानं दुकानात जाऊन बटणांचा एक डबा उगाच पालथा केला आणि संध्याकाळपर्यंत वेचत बसली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, जा, तुझ्या दुकानात कोणी नाही.

बाकीच्या एकोणीस वस्तूंपैकी अठरा घरी गेल्या. टोस्टर चष्मेवाल्यानं परत नेला आणि त्याबरोबर तोही घरी गेला. एक घड्याळ माझ्यानं झालं नाही, तसं फुलवालीला सांगितलं. ती म्हणाली, निदान उघडून बघितलंत. बारा नंबरची जागा बघायला काल एक बाई आल्या होत्या, सायकली दुरुस्त करतात. आत्यानं त्यांना एक तास प्रश्न विचारले, मग चावी दिली.

आता तुमचं. मला सगळं कळलं आहे, आत्यानं वचन मोडलं. तुम्ही पाहिलंत ते दुकान माझं नव्हतं, बाबा. ते दुकानच नव्हतं. दीड वर्ष मी तुम्हाला खोटं सांगत होतो, आणि तुम्ही काचेबाहेर अर्धा तास उभे होतात. मी मान वर केली असती तर. मी खूप वेळा तो प्रसंग मनात पुन्हा करून बघतो आणि दर वेळी मान वर करतो.

बुद्धिबळवाल्या काकांना माझा नमस्कार सांगा. मिक्सरच्या आवाजात थोडी घरघर आली असेल तर कार्बन पुन्हा घासायला हवेत, मी ते जुनेच बसवले होते. तो घेऊन तुम्हीच या. सकाळी नवाच्या बसनं निघालात तर अकरापर्यंत चौकात पोचाल. एखादे वेळी आत कोणी नसेल, तसं असलं तरी या. काचेबाहेर थांबू नका. दार जरा घट्ट आहे, खांदा लावून ढकलावं लागतं.

मी जेवायला गेलो असेन तर दारावर बाइंडरची सोनेरी पाटी असेल. तिच्यावर जे लिहिलंय ते खरं आहे.

तुमचा,
पक्कड